उष्टी हवा

१

धंद्यात मी जे काही मिळवलं ते नाकाच्या जोरावर. शाळेशी माझा संबंध एवढाच, की शाळेच्या फाटकासमोर बर्फाची गाडी लावायचो. तिथून या चार खोल्यांच्या कोल्ड स्टोरेजपर्यंत पोचलो तो हुंगत हुंगत. एकदा एक लोणीवाला ट्रकभर खोकी घेऊन आला. माल अगदी ताजा, म्हणाला, थेट डेअरीतून. मी ट्रकच्या फळीपाशी उभा राहिलो आणि त्याला सांगितलं, की खालच्या थरातली खोकी वाटेत कुठेतरी माशांच्या शेजारी उतरवली होती. त्यानं शपथा घेतल्या. खोकी फोडली तेव्हा वास त्यालाही आला, आणि जाताना तो हात जोडून गेला. मला नाही, माझ्या नाकाला.

बढाई म्हणून सांगत नाही. पुढचं सगळं वासाचं आहे, आणि त्या वेळी माझं नाक शाबूत होतं, एवढं तुम्हाला ठाऊक असावं.

थंडीचा धंदा करणाऱ्यानं दोन गोष्टी पाठ ठेवायच्या. पहिली, थंडीला वास नसतो. आत मासे असोत की मटार, खोली नीट चालत असेल तर दार उघडल्यावर नाकात नुसती कोरडी टोच येते, बस. वास आला म्हणजे कुठेतरी ऊब शिरली. दुसरी गोष्ट दाराची. अशा खोलीचं दार लावल्यावर लगेच उघडत नाही. दार उघडं असताना आत शिरलेली गरम हवा गार होऊन आकसते आणि खोली दाराला आतून धरून ठेवते. नवा हमाल हटकून दोन्ही हातांनी ओढतो, भिंतीला पाय लावतो, आणि आम्ही बाकीचे गंमत बघतो. जरा दम धरला की खोली आपणहून सोडते. इतक्या वर्षांत माझ्या एकाही खोलीचं दार ओढल्याशिवाय उघडलेलं नव्हतं.

२

माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी, हवामानाच्या एका संस्थेत आहे. लहानपणी सुट्टी लागली की आमच्याकडे असायची. आम्ही कोल्ड स्टोरेजच्या वरच्या मजल्यावरच राहतो. एका दमात दहा प्रश्न विचारायची, आणि उत्तर द्यायला तोंड उघडावं तर अकरावा. ही पोर ध्रुवाकडच्या बर्फावर बरेच महिने राहून परत आली आणि येताना तिथला बर्फ घेऊन आली. संस्थेची स्वतःची थंड खोली बिघडली होती. ती दुरुस्त होईपर्यंत खोकी आमच्या तीन नंबरच्या खोलीत ठेवायचं ठरलं. लांबट पांढरी खोकी, आणि त्यांत दंडाएवढ्या जाड बर्फाच्या कांड्या, एकेक प्लास्टिकच्या पिशवीत, उसाच्या कांड्यांसारख्या. जन्मभर बर्फ विकला, पण बर्फ पाहुणा म्हणून घरी आलेला पहिल्यांदाच बघत होतो.

खोकी लावून झाल्यावर ती वर जेवायला आली. वाळली होती. गळ्यातला मफलर पार ओठांपर्यंत ओढलेला. इकडची दमट हवा बाधते, म्हणाली. आमच्यापासून लांब, खिडकीपाशी बसली. आणि बोलणं तरी कसं, दोन-दोन शब्दांचं. मला वाटलं, पोरीला तिकडच्या एकटेपणाची सवय लागली. बायकोनं खोदून खोदून विचारलं तेव्हा थोडं थोडं सांगितलं. त्या बर्फाच्या पठारावर हवेचा दाब जास्त असतो. एकदा तो तिथं ठाण मांडून बसला की आठवडेच्या आठवडे हलत नाही. ढग नाही, वादळ नाही, आभाळ धुतल्यासारखं. वरची हवा सावकाश खाली उतरते, बर्फावर टेकते, गार आणि जड होते, आणि उतारानं चहूकडे निघून जाते.

"आणि परत वर कधी जाते?" मी विचारलं.

"जाते. दुसरीकडे कुठेतरी. तिथं फक्त येते."

"म्हणजे वर बसून कुणीतरी नुसता श्वास सोडतंय म्हण की," बायको म्हणाली. "घ्यायचं नाव नाही."

मी हसलो, बायको हसली. भाचीनं ताटातला घास इकडचा तिकडे केला.

जेवणं झाल्यावर तिनं मामीसाठी आणलेली गंमत काढली. कांड्यांची टोकं कापताना पडलेले तुकडे, अभ्यासाला निरुपयोगी, पिशवीभर. तिकडच्या तळावर म्हणे सगळे असंच करतात. तुकडा ग्लासात टाकून वर पाणी ओततात आणि कान लावतात. आम्हीही लावले. तड, तड, तड. बर्फ पडला तेव्हाची हवा त्यात बारीक बारीक फुगे होऊन अडकलेली असते, ती फुटत असते. "ही हवा कुणी नाकात घेतलेली नाही, मामा. कुणीच. कधीच."

नाकाचं नाव काढल्यावर मी कसला मागे राहतोय. ग्लासावर वाकलो आणि लांब श्वास घेतला.

तोंडाचा वास आला. माणसाच्या तोंडाचा, बिनधुतल्या.

मी ग्लास खाली ठेवला आणि बायकोला म्हणालो, ग्लास नीट विसळलेला नाही. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडला. ग्लास ती स्वतः घासते. मग तिनं त्यातला तुकडा दोन बोटांनी उचलला आणि दाढेखाली घेतला.

बायकोला बर्फ चावायची सवय लग्नाच्या आधीपासूनची. खरं तर लग्न त्यानंच जमवलं. माझ्या गाडीवर ती रोज एक तुकडा घ्यायला यायची. एक दिवस तिनं अर्धा चावला आणि उरलेला माझ्यापुढे धरला. "फार गार आहे," म्हणाली, "अर्धा तुम्ही घ्या." मी तो खाल्ला. तेव्हापासून आमच्यात उष्टं म्हणून काही राहिलं नाही. एका पेल्यानं पाणी, एका बशीत खाणं. मी मात्र बर्फ खात नाही. बर्फ बनतो कसा हे ज्यानं पाहिलंय तो खात नाही. ती म्हणायची, बर्फवाल्याशी लग्न केलं, आता बर्फ तरी खाऊ द्या.

३

काही दिवसांनी मी नेहमीप्रमाणे सकाळची फेरी मारत होतो. एक नंबर, दोन नंबर, ठीक. तीन नंबरची कडी उचलली आणि ओढण्यासाठी खांदा सावरला, तेवढ्यात दारानंच मला ढकललं.

जोरात नाही. रांगेत मागचा माणूस जसा नकळत अंगावर रेलतो, तसं. मी एक पाऊल मागे सरकलो आणि दार माझ्या हातात येऊन थांबलं. पायाशी थंड हवेचा लोट आला, तो येतोच. पण तोंडावर जे आलं ते कोमट होतं. ज्या खोलीत बर्फाचं पाणी व्हायला जागा नाही, त्या खोलीतून कोमट, ओलसर हवा माझ्या ओठांवर, मिशांवर, डोळ्यांच्या कडांवर बसली. आणि तिच्याबरोबर वास.

मेलेल्या जिनसेचा वास मला चालतो. सडकं मांस, कुजका बटाटा, फुटलेलं अंडं, हे माझे जुने ओळखीचे आहेत. हा वास मेलेला नव्हता. सकाळी चूळ भरायच्या आधी दुसऱ्याच्या तोंडाला येतो तो. जिभेवर साचलेला पांढरा थर, आंबलेलं दूध, दाढेत कधीचं अडकून मऊ पडलेलं काहीतरी. परक्या माणसानं अगदी जवळ येऊन, नाकाला नाक लावून, तोंड उघडावं, तसा. मी अंगणातल्या नळावर गेलो, चेहरा धुतला, मिशा साबणानं धुतल्या, आणि तरी थुंकत राहिलो.

मग धंद्याची अक्कल जागी झाली. दाराचं रबर गेलं असेल. पंख्याखालच्या पाण्याच्या ताटलीत उंदीर मरून पडला असेल. वाफ कुठून तरी आत येत असेल. अशा वेळी माणसाला किती कारणं सुचतात, बघा. पुन्हा आत गेलो, दिवे लावले, खोकी बघितली. सगळं जागच्या जागी. भिंतीवरच्या तापमापकाचा काटा जिथं हवा तिथंच, खोल खाली. मागच्या बाजूला एका गिऱ्हाइकाचं लोणी होतं. त्या खोक्यांवर बोट फिरवलं. नेहमी बोटाखाली गोठलेलं, भुरभुरीत दव असतं. हे चिकट होतं. बोट उचललं तर एक तार आली, लांबली, आणि तुटता तुटता गोठली.

४

लोण्याच्या त्या गिऱ्हाइकानं माल नेला, आणि दोन दिवसांनी त्याचा माणूस खोकी परत घेऊन आला. मालकाचा निरोप कसा सांगावा त्याला कळेना. शेवटी म्हणाला, "शेठ, मालक म्हणतात, कुणीतरी चाटल्यासारखं लागतंय."

मी मिस्त्रींना बोलावलं. आमचा कॉम्प्रेसर, खोल्या गार करणाऱ्या अमोनियाची नळकांडी, सगळं त्यांच्या हातावर चालतं. आमचं जुनं सख्य आहे. अमोनिया वापरणाऱ्यांना प्रथमोपचाराचं शिक्षण सक्तीचं असतं, ते आम्ही दोघांनी एकत्र घेतलं. एक रबरी बाहुली आडवी ठेवलेली, तिचं नाक चिमटीत धरायचं आणि तोंडाला तोंड लावून फुंकायचं. मिस्त्री इतके लाजले, की शिकवणारा म्हणाला, अहो, ती कुणाला सांगणार नाही. त्यांच्यानंतर माझा नंबर. मी आधी रुमालानं बाहुलीचे ओठ तीन वेळा पुसले. मिस्त्री अजून मला त्यावरून टोमणा मारतात, की शेठना माझं उष्टं चालत नाही.

त्यांनी रबर तपासलं, पंखे तपासले. सगळं नवं असल्यासारखं. माझ्या ऑफिसात दाबाचं एक घड्याळ आहे, हवेचा दाब दाखवणारं, भंगारात निघालेल्या जहाजावरून मी हौसेनं घेतलेलं. भाचीनं तसंच एक, जरा आधुनिक, तीन नंबरमध्ये टांगून ठेवलं होतं. मी आतलं बघायचो, बाहेर येऊन माझं बघायचो. आतला काटा रोज थोडा वर. माझा तिथंच. जणू त्या चार भिंतींच्या आत वेगळंच हवामान चालू होतं. निरभ्र, स्तब्ध, जड. आत गेलं की कानांत दडे बसायचे.

अशा खोलीच्या भिंतीत एक झडप असते, आतला-बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून. मिस्त्री शिडी लावून तिथं चढले आणि बराच वेळ हात धरून उभे राहिले.

"झडप चालू आहे, शेठ. बाहेर फेकतेय."

"मग ठीकच आहे की."

"नुसती बाहेरच फेकतेय. आत घेतच नाहीये."

"फेकायला आत कुठून तरी यायला नको का?"

"मी पण तेच म्हणतोय," म्हणाले, आणि शिडीवरून उतरून हात पँटीला पुसला. मग हाताचा वास घेतला. मिस्त्री कधी उलटी करतील असं मला वाटलं नव्हतं. अमोनियात तीस वर्षं काढलेला माणूस.

५

हे सगळं मी बायकोला सांगत होतो तेव्हा ती खिडकीत बसून बर्फ चावत होती. तिला काही वास येत नव्हता. ती तीन नंबरमध्ये जाऊन आपली पिशवी काढायची, मूठभर तुकडे घ्यायची आणि खुशाल वर यायची. "तुमच्या नाकाला आता चष्मा लागला," म्हणाली. मी बजावलं, तो बर्फ खायचा नाही. हसली. इतक्या वर्षांत मी सांगितलेलं किती ऐकलं होतं, म्हणून हे ऐकेल.

आम्हाला दोघांनाही दुपारी जरा आडवं व्हायची सवय. त्या दिवशी तिला डोळा लागला होता आणि मी शेजारी उशाला टेकून पेपर वाचत होतो. पंखा बंद होता. पेपराच्या पानाचा तिच्या बाजूचा कोपरा माझ्याकडे उचलला गेला. श्वास सोडत असेल, म्हटलं. मी ओळ संपवली, पुढची वाचली. कोपरा तसाच उचललेला. मी तो खाली यायची वाट बघू लागलो. माणूस श्वास सोडतो, मग घेतो, हे काही कुणी मुद्दाम बघत बसत नाही. मी बघत बसलो. पानाचा कोपरा हलकेच फडफडत होता, माझ्याच दिशेनं, आणि खाली येत नव्हता.

तिची छाती वरखाली होत नव्हती. चेहरा शांत. ओठ किंचित उघडे. मी तळहात तिच्या तोंडासमोर धरला. कोमट, ओली हवा हाताला लागत राहिली. लागतच राहिली. तळव्याच्या रेषांत ओल साचली. आणि तोच वास, माझ्या स्वतःच्या उशीवर, ज्या तोंडाचा अर्धा घास मी आयुष्यभर खाल्ला त्या तोंडातून.

मी उठलो आणि हात कोपरापर्यंत साबणानं धुतले. तिला जाग आली तेव्हा मी दाराशी उभा होतो. ती अगदी नेहमीसारखी उठली, जांभई दिली (मी मान फिरवली), अर्धा पेला पाणी प्यायली आणि उरलेला माझ्यापुढे धरला. मी म्हणालो, तहान नाही.

तिनं पेला तसाच धरून ठेवला. मग स्वतःच पिऊन टाकला. "आता माझं उष्टं चालत नाही वाटतं," एवढंच म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. तिच्या मागे जाऊन काहीतरी बोलायला हवं होतं. पण ती जिथून गेली तिथल्या हवेतून मला जायचं नव्हतं.

६

मी भाचीला फोन करून सांगितलं, तुझा बर्फ घेऊन जा, आजच्या आज. ती एकटीच आली. गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होती. आम्ही तीन नंबरमध्ये गेलो. दारानं आम्हाला बाहेर ढकलून मग आत घेतलं. तिनं एक खोकं उघडलं, पिशवीतून कांडी काढली आणि दिव्यापुढे धरली.

आला तेव्हा तो बर्फ दुधी होता, बारीक फुग्यांनी भरलेला. आता तो काचेसारखा स्वच्छ होता. आरपार मला तिची बोटं दिसत होती. दुसरं खोकं, तिसरं, सगळ्यांत तेच. वितळला नव्हता, तडकला नव्हता. फक्त आतली हवा नव्हती.

"कुठं गेली?" मी विचारलं.

तिनं कांडी परत ठेवली. मफलर ओठांवर घट्ट केला. "मामींनी किती खाल्ला?"

"होते तेवढे सगळे तुकडे. थोडेच उरलेत."

"मामींना वास येतो?"

"नाही म्हणते. तुला?"

"मलाही नाही येत." ती खाली फरशीकडे बघत बोलत होती. आल्यापासून खालीच बघत होती, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. "तिकडे शेवटी शेवटी, मामा, आम्ही सगळे असंच चालायचो. खाली बघून. वर कुणी बघत नव्हतं."

"का?"

तिला पुरतं बोलायचं होतं. छातीत बोल भरून आलेला मला दिसला. तिनं तो गिळला.

"आभाळ फार जवळ यायचं," म्हणाली.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. भाची गाडीवाल्याशी बोलत अंगणात होती. मिस्त्री हमाल बोलवायला गेले. मी वर जाऊन बायकोला हाक मारली. स्वयंपाकघर रिकामं. ओट्यावर ग्लास, त्यात पाणी, बर्फ नाही. तेव्हा मला कळलं. बर्फ जाणार म्हणून ती शेवटचे तुकडे आणायला गेली होती.

तीन नंबरचं दार सताड उघडं होतं, आणि हलत नव्हतं. त्याला आतून हवेनंच धरून ठेवलं होतं. थंडीचं जाकीट घ्यायलाही मी थांबलो नाही. दोन पावलं आत गेलो आणि गुडघे वाकले. भरलं पोतं खांद्यावर आल्यासारखं वजन, पण खांद्यावरच नाही, डोक्यावर, पापण्यांवर, जिभेवर. त्या वासात आता जागाच उरली नव्हती. वास तोंडात येत होता. मी तोंड मिटलं तर तो ओठांना ओलावत होता.

खोक्यांच्या दोन रांगांमध्ये ती उताणी पडली होती. अंगावर घरातलेच कपडे, हातात रिकामी पिशवी. मी काखेत हात घालून ओढलं. हलेना. तिच्याखालची फरशी त्या चिकट ओलीनं माखली होती आणि ती ओल गोठून कपडे धरून बसली होती. गालाला हात लावला. गार. ओठ उघडे, पण आता त्यांतून काहीच येत नव्हतं. छाती थांबलेली.

मी भाचीला हाक मारायला मान वर केली, आणि छत दिसलं.

माझ्या खोल्यांच्या छतावर बोटभर जाड, गोठलेलं पांढरं दव असतं. तिच्या बरोबर वर, एका भागात ते नव्हतं. गोल म्हणता येणार नाही, लांबट. कडा ओल्या, फुगीर, जरा मुडपलेल्या. त्या कडांवर दवाचे काटे होते, तेही ओले. कडेचं दव विरघळायचं आणि पुन्हा गोठायचं. विरघळायचं आणि गोठायचं. मधल्या भागात पत्रा दिसायला हवा होता. मी तिथं बघितलं नाही. कडेवरून एक थेंब लांबत लांबत खाली आला, तुटला नाही, आणि तिच्या उघड्या तोंडाच्या वर हातभर अंतरावर लोंबत राहिला.

मी तो हातानं झटकला आणि खाली वाकलो.

बाहुलीवर शिकवलेलं सगळं आठवलं. मान मागे, नाक चिमटीत, तोंडावर तोंड. आणि त्याच क्षणी मी मान फिरवली. तिचे दात, तिची जीभ, जिभेवरचा तो ओला थर. माझ्या बायकोचं तोंड. मला ते नको होतं. रबराच्या बाहुलीला पुसायला रुमाल होता. इथं रुमाल काढला तर आमच्यात काय उरेल? "फार गार आहे, अर्धा तुम्ही घ्या," असं म्हणून तिनं तुकडा पुढे केला होता, तेव्हा मी तो पुसला नव्हता.

मी तोंड लावलं.

फुंकायला छाती भरली नव्हती तोच ते उलट्या बाजूनं आलं. तिच्यातून माझ्यात. कोमट, जाड, गिळवेना असं. एक श्वास. मी वाट बघितली की तो संपेल. घसा भरला, छाती भरली, बरगड्या कुरकुरल्या. पोटात उतरला, पाठीच्या मणक्यांना लागला. तोंड सोडवावं असं वाटत होतं आणि माझे ओठ तिच्या ओठांवर गोठल्यासारखे. तो येतच राहिला. मग दोन्ही कानांतले दडे एकदम सुटले, मागे दार धाडकन आदळून लागलं, आणि खोलीत पंख्यांचा नेहमीचा आवाज ऐकू यायला लागला.

मिस्त्री आणि भाची दार उघडायला धडपडत होते. दोन्ही हातांनी ओढावं लागत होतं, बाहेरून मिस्त्रींच्या शिव्या ऐकू येत होत्या. इतका गोड आवाज मी कधी ऐकला नाही.

बायकोनं मोठा श्वास आत घेतला. घेतला. छाती वर आली, खाली गेली, परत वर आली. डोळे उघडले. माझा चेहरा तिच्या चेहऱ्यावर होता. तिनं मला ओळखलं, आणि मग तिचं तोंड वाकडं झालं. नाकावर हात आला आणि तिनं मला लांब ढकललं.

"अहो," म्हणाली, "केवढी घाण येतेय तुमच्या तोंडाला."

८

ती अगदी ठणठणीत आहे. बर्फाचं नाव काढत नाही. बर्फ गेला, तीन नंबरमध्ये आता मटार आहेत, दार नव्या हमालांना घाम फोडतं. मला कुठलाच वास येत नाही. लोण्याचा नाही, माशांचा नाही, अमोनियाचाही नाही. सगळीकडे स्वच्छ, धुतल्यासारखं.

भाचीला मी हे फोनवर सांगितलं, दोन-दोन शब्दांत. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सोडू नका, मामा." मी विचारलं, तू कशी काय धरून ठेवतेस? ती म्हणाली, "सवय होते." फोन ठेवल्यावर मला तिचा मफलर आठवला, आणि खिडकीजवळची खुर्ची.

त्या दुपारी आत घेतलेला श्वास मी अजून सोडलेला नाही. रोजचं श्वास घेणं-सोडणं वरच्यावर चालतं, भरलेल्या पिंपातलं वरचं वाटीभर पाणी काढावं आणि पुन्हा घालावं तसं. तो खाली बसून आहे, जड. हसू आलं की सांभाळावं लागतं. शिंक तर फारच. बायकोला दुसऱ्या खोलीत झोपायला मीच सांगितलं. ती रागावली, मग रडली, मग गेली. सकाळी पाण्याचा पेला भरून दाराशी ठेवते. वेगळा पेला. अर्धा पिऊन ठेवलेला नाही, अख्खा भरलेला. मला कळतं की तिला किळस येते आणि ती ते लपवते, आणि ती लपवते म्हणून मला बरं वाटतं.

मी गप्पिष्ट माणूस. गिऱ्हाईक मालाच्या आधी गोष्ट ऐकायला यायचं. आता ऑफिसात एकटा बसतो. समोर जहाजावरचं ते घड्याळ आहे. त्याचा काटा रोज थोडा वर चढतो. छताकडे मी बघत नाही. तोंडानं सांगायचं तर तुम्हाला समोर बसवावं लागलं असतं, म्हणून हे लिहून काढलं.

कधी या बाजूला आलात तर भेटायला जरूर या, पण अंगणातूनच हात करा. ऑफिसच्या दाराला हात लावू नका. ते तुम्हाला ओढावं लागणार नाही.